मामांच्या माकडहाडाबाबत खुलासा

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार (डावं मनगट वगळून, ते प्लास्टरमध्ये आहे, कारण पुढे येईल). तुमची तब्येत आता कशी आहे? पत्राच्या सुरुवातीला हे सगळेच विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात, पण मी खरोखर विचारते आहे. मधे भोक असलेली ती गादी पुरते का, की अजून उभ्यानेच जेवता? मामी फोनवर म्हणाली की तुम्ही वर्तमानपत्र फ्रिजवर पसरून वाचता आणि त्यामुळे तिला दूध काढायला तुमची परवानगी घ्यावी लागते. हे पत्रही तुम्ही उभ्यानेच वाचाल असं धरून मी अक्षर मोठं काढलं आहे आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं आहे. पान खाली पडलं तर वाकू नका. मामीला हाक मारा. काही पानं अशी आहेत की ती पडलेलीच बरी, पण वाचा.

हे सगळं समोर येऊन सांगता आलं असतं. गेल्या रविवारी मी त्याच इराद्याने आले होते. पण दार उघडल्याउघडल्या तुम्ही शेजारच्या काकांना "ही आमची बेअरिंगवाली, हिच्याच कागदावर आपली तक्रार उभी आहे" अशी ओळख करून दिलीत, मी "हो" म्हटलं, चहा घेतला आणि निघून गेले. तुमच्यासमोर माझ्या तोंडून "हो" याखेरीज काही निघत नाही. कागदाचं बरं असतं, तो मधेच "हो ना गं?" असं विचारत नाही.

तर आधी बेअरिंग. पदवी मिळाल्यावर मी तुम्हाला सांगितलं की मी एका बेअरिंग कंपनीशी बांधलेली आहे, काम चाचणीचं आहे आणि फिरावं लागतं. या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते मी निवडलं होतं. तुम्ही जन्मभर वजनमापे निरीक्षक होतात. तुम्हीच मला सांगितलं होतं की कच्चा लबाड खोटी वजनं ठेवतो, आणि पक्क्या लबाडाची वजनं शिक्क्याची असतात, फक्त पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला असतो. माझं पारडं आता उलटं करून दाखवते. ती कंपनी खरीच बेअरिंग बनवते, मला दरमहा मानधन खरंच देते, आणि मी तिची बेअरिंग वापरून बघते हेही खरं. पण ती बेअरिंग स्केटबोर्डच्या चाकांत बसतात आणि चाचणी चालू असताना मी त्या स्केटबोर्डवर उभी असते. मामा, मी व्यावसायिक स्केटबोर्डर आहे. (हे वाक्य मी आधी वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं. कसंही लिहिलं तरी तो यंत्रशास्त्रातली पदवी घेतलेल्या बाईचा पोटापाण्याचा उद्योग वाटत नाही.)

स्केटबोर्ड म्हणजे काय हे तुम्हाला समजावायची गरज नाही. चार चाकांची ती फळी, जिच्यावरून पोरं तुमच्या गल्लीत खडखडत जातात आणि जिच्याबद्दल तुम्ही नगरपालिकेला दोन पत्रं लिहिलीत. दुसऱ्या पत्राची नक्कल तुम्ही मला कौतुकाने वाचून दाखवली होती. त्यात "केस मागे बांधलेला, अंगात ढगळ शर्ट असलेला, वयाने थोराड व सर्वांना चिथावणी देणारा एक उनाड मुलगा" असा जो उल्लेख आहे, ती मी होते. तुम्ही गॅलरीत होतात आणि चष्मा घातलेला नव्हता. वर्णन बाकी अचूक होतं. मी तेव्हा "भाषा चांगली झाली आहे" असं म्हटलं होतं, ते मत अजून कायम आहे.

तुम्ही विचाराल, हे व्यसन लागलं कुठे. कॉलेजच्या कार्यशाळेत. शेवटच्या वर्षी बेअरिंगच्या झिजेवर प्रकल्प करत होते. एका मुलीने कुरकुरणारं चाक बघायला म्हणून आपला बोर्ड माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी बेअरिंग धुतलं, तेल दिलं, बसवलं, आणि भाराखाली कसं चालतं ते बघायला (भार म्हणून मीच होते) त्यावर उभी राहिले. पुढच्या क्षणी मी जमिनीवर होते आणि बोर्ड लेथ मशीनखाली. मला पडण्याचं वाईट वाटलं नाही. का पडले ते कळलं नाही, याचं वाटलं. ते शोधायला मी पुन्हा उभी राहिले. अजून शोधते आहे. यंत्रात बिघाड झाला तर दहा कारणं लिहून एकेक खोडता येतं. इथे खोडता खोडता शेवटी एकच कारण उरतं आणि ते म्हणजे मी. हे मला इतर कुठल्याही नोकरीत इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या धंद्यात व्यावसायिक होणं म्हणजे फळी बनवणारी कंपनी तुमच्या नावाची फळी विकायला काढते. माझ्या नावाची गेल्या वर्षी निघाली. नाव खालच्या बाजूला छापतात आणि कठड्यांवरून घासत गेलं की ते पहिल्या आठवड्यातच निघून जातं, म्हणजे नाव होतं न होतं तोच पुसलंही जातं. बाकी नोकरीसारखीच नोकरी आहे. सकाळी लवकर उठायचं, कारण रखवालदार जागे व्हायच्या आत काम उरकायचं असतं. मग एकच उडी दिवसभर चुकवायची. पडणं हेच मुख्य काम, आणि मधूनच एकदा न पडणं ही पगारवाढ. उजव्या पायातला बूट एका ठरावीक जागी फाटतो आणि डावा नवाकोरा राहतो. (कपाटात डाव्या पायाचे चांगले बूट पडून आहेत. कुणी गरजू असल्यास कळवा.) विमा कंपनीतल्या बाईंनी व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबवून "म्हणजे शिकवता का?" असं आशेने विचारलं होतं. आणि पदवीधर बाईला आठवड्यातून दोनदा कुणी ना कुणी रखवालदार "घरी कुणी काही शिकवलं की नाही?" असं विचारतो. मला दर वेळी तुम्ही आठवता. शिकवलं होतं, एवढंच मनात म्हणते आणि फळी काखेत मारून निघते.

आईला सगळं माहीत आहे. म्हणजे मी सांगायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मला सांगूच नकोस. मला माहीत नसलं म्हणजे दादापुढे खोटं बोलावं लागणार नाही." त्यामुळे तिला अधिकृतपणे काही माहीत नाही. ती मलम मात्र घरात भरपूर आणून ठेवते.

आता कट्टा. इथून पुढचं तुम्ही भिंतीला टेकून वाचावं.

आमच्यात नाव स्पर्धांनी होतं, पण टिकतं ते चित्रफितीने. दोन-तीन वर्षांनी प्रत्येकाने अशी एखादी गोष्ट कॅमेऱ्यापुढे करून दाखवायची असते जी त्या जागेवर आधी कुणी केलेली नाही. मी जागा निवडली ती तुमच्या ग्रंथालयाबाहेरची. पुस्तकांच्या गाड्या आत नेण्यासाठी जो उतार केला आहे, त्याच्या कडेने दगडी कट्टा उतरतो, तो. उडी मारून कट्ट्याच्या वरच्या टोकाला चढायचं, फळी आडवी करून तिच्या पोटावर खालपर्यंत घसरत जायचं आणि शेवटी चाकांवर उतरायचं. वाचायला दोन ओळी. मला दोन महिने जमलं नाही, कारण तो दगड खरखरीत आहे आणि फळी मध्येच अडते. मी अडत नाही. मी पुढे जाते.

अशा वेळी आमचे लोक दगडाला मेण लावतात. खिशात मेणबत्तीचा तुकडा असतो, तो कडेवर घासला की झालं. एवढ्यावर थांबले असते तर तुम्ही आज बसून जेवत असता. पण मी शिकलेली. मी तीन प्रकारची मेणं आणली, वेगवेगळ्या प्रमाणात वितळवली आणि कुठलं मिश्रण किती सरकतं ते मोजलं. मोजायला ओढून जोर दाखवणारा स्प्रिंगचा ताणकाटा वापरला. तोच, माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही दिलेला, सरकारी शिक्का असलेला. (त्यावर तुम्ही म्हणाला होतात, "मापट्या, हा जन्मात खोटं बोलणार नाही." तो नाहीच बोलला.) शेवटचं मिश्रण मी गरम हवेच्या बंदुकीने दगडात मुरवलं, आणि फक्त कडेला नाही तर वर वीतभर पट्ट्यात, सबंध लांबीभर. फळीचं पोट टेकायचं होतं म्हणून. पुसून घेतल्यावर ते दिसत नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लिहिलंच पाहिजे. वस्तू ओढायला तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर पुरत होता, आणि कट्ट्याचा ढाळ आहे सहाला एक. या दोन आकड्यांच्या मधे जे काही ठेवाल ते खाली जाणार. तिथे तुम्ही बसलात.

तुम्ही ग्रंथालयात गुरुवारी जाता हे मला माहीत होतं. नवं पुस्तक घेतलं की त्याच कट्ट्याच्या वरच्या टोकाला बसून पहिलं पान वाचता आणि मगच घरी निघता, हेही माहीत होतं. म्हणून तर मी बुधवार निवडला. पण पुस्तकाची मुदत गुरुवारी संपत होती, आणि मुदत संपायच्या दिवशी पुस्तक परत करणं तुम्हाला उशीर वाटतो, हे मी विसरले. त्या सकाळी आमचा कॅमेरावाला (तोंडाने कमी बोलतो, सगळे त्याला 'झाकण' म्हणतात) कुंडीशेजारी कॅमेरा लावून बसला होता. माझे सात-आठ प्रयत्न झाले. मग रखवालदाराने हाकललं. तो नेहमी हाकलतो आणि आम्ही नेहमी समोर उभ्या असलेल्या गाडीमागे थांबतो. त्याचा चहा झाला की परत येतो. ही पद्धत दोन्ही बाजूंना मान्य आहे. आम्ही गाडीमागे असताना तुम्ही पुस्तक घेऊन बाहेर आलात, रुमालाने कट्टा झटकलात, आणि बसलात.

मी ओरडले नाही. ओरडायला वेळ होता. तुम्ही बसल्यावर आधी चष्मा लावलात, पुस्तक उघडलंत, आणि मग जरासे डावीकडे सरकलात. तुम्हाला वाटलं असेल आपणच सरकलो. मग अजून सरकलात. तुम्ही पुस्तकातून डोकं वर काढलंत तेव्हा कट्टा निम्मा झाला होता. तुम्ही ताठ बसलेले होतात, चेहऱ्यावर कुणाच्या तरी हिशेबात चूक सापडल्याचा भाव होता, आणि तसेच बसल्या बसल्या तुम्ही शेवटच्या टोकापर्यंत गेलात आणि कट्टा संपला. मी डोक्यात हेल्मेट, गुडघ्यांवर ढोपरबंद, पायाशी फळी अशा अवस्थेत गाडीमागे होते. त्या वेळी मी कंपनीत चाचणी घेत होते, असं तुम्हाला माहीत होतं. बाहेर आले असते तर ते खोटं ठरलं असतं. म्हणून मी आले नाही. एवढंच कारण आहे, मी दुसरं शोधून पाहिलं.

सफाईवाल्या काकू आल्या. त्या नुकत्याच कामावर येत होत्या, खांद्यावर कोरडं फडकं होतं. त्यांनी तुम्हाला काखेत धरून उठवलं, बसवायला गेल्या तेव्हा तुम्ही ओरडलात म्हणून उभंच धरून ठेवलं, आणि रखवालदाराला गाडी आणायला पिटाळलं. मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही त्यांच्याच खांद्यावर रेलून त्यांना विचारलंत, "काय चोपडलंत या दगडाला?"

"साहेब, मी आत्ता येतेय. अजून बादली पण भरली नाही."

"मग काय दगड आपणहून गुळगुळीत झाला?"

"तुम्ही आधी पाय सरळ करा, मग भांडा."

गाडी आली, तुम्ही आडवे होऊन गेलात, काकू तुमचा पडलेला चष्मा धावत देऊन आल्या. झाकण म्हणाला, "ते कोण होते?" मी म्हटलं, "माहीत नाही."

संध्याकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून, फळं घेऊन दवाखान्यात आले. तुम्ही पालथे होतात. उशीतूनच म्हणालात, "मापट्या, तू असतीस तर तिथल्या तिथे छडा लावला असतास." मी म्हटलं, "हो." मग तुम्ही मला तांत्रिक अभिप्राय लिहायला सांगितलात. इथे तरी नाही म्हणायचं होतं. पण मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गेले, मामीकडून मागून आणलेली तुमची ती टेरिकॉटची पँट एका वजनाभोवती गुंडाळली, ताणकाट्याने ओढली, आकडे घेतले, आणि लिहिलं: "पृष्ठभागावर मेणयुक्त पदार्थाचा थर मुद्दाम व काळजीपूर्वक चढवलेला आढळला. हे काम पॉलिश करण्याची सवय असलेल्या व्यक्तीचे असावे." मामा, शिक्क्याची वजनं होती, शब्दन् शब्द खरा होता. मी ते स्वतःच्याच कामाबद्दल लिहिलं आणि खाली पदवीसकट सही केली. तुम्ही ते नर्सला वाचून दाखवलंत. "भाषा बघा," म्हणालात. मी भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत होते. त्या सगळ्या वाचल्या.

मला वाटलं, तक्रार ग्रंथालयाच्या फायलीत जाईल आणि तिथेच राहील. तुमच्या दोन्ही पत्रांचं नगरपालिकेत तेच झालं होतं. पुढच्या आठवड्यात मी मेण काढायला गेले. आधी दगड गरम करायचा, मग खाकी कागदाने मेण टिपायचं. काढता काढता माझा स्वतःचा पाय कट्ट्यावरून सटकला आणि मनगट गेलं. (इतकी वर्षं पडते आहे, पण चालताना पडून हाड मोडायची ही पहिलीच वेळ. कंपनीला 'सरावादरम्यान' असं कळवलं आहे.) मी तिथे मनगट धरून बसलेली असताना रखवालदार आला. झाडायला दुसरंच कुणी होतं. मी विचारलं, काकू कुठे.

"घरी बसवलंय तिला. कुणा निवृत्त साहेबांची तक्रार आहे. सोबत कुणा इंजिनिअर बाईचा कागद लावलाय, म्हणे फार भारी कागद आहे. पुढच्या सोमवारी समिती बसणार, मग कायमचीच सुट्टी."

"पण त्यांनी सांगितलं नाही का की हे मेण..."

"सांगितलं की. ती म्हणाली, उड्या मारणारी ती मोठी पोरगी लावते. कारकून हसला. म्हणाला, शहाणी बाई कट्ट्याला मेण कशाला लावेल?"

चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो, पण त्यात फाशीचा दोर चोराने वळून दिलेला नसतो. मी काकूंच्या घरी गेले. त्यांच्या घरी दोन खोल्या, बाहेर सायकलला टेकवलेली शिडी, आत त्यांची सून शिवणयंत्रावर. काकूंनी मला दारातच ओळखलं, प्लास्टर बघितलं, पाणी दिलं. मी सुरुवातीपासून सांगायला लागले. मिश्रणापर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस? दर आठवड्याला सुरीने मीच खरवडते तुमचं मेण. मला माहीतच आहे. ज्याला माहीत नाही त्याला सांग."

"ते माझे मामा आहेत," मी म्हटलं.

"मग तर सोपं आहे," त्या म्हणाल्या. सूनबाईंचं यंत्र थांबलं होतं. माझ्या आयुष्यात मी ज्या खोल्यांतून लवकर बाहेर पडले त्यात त्या खोलीचा नंबर पहिला लागेल.

सोपं नव्हतं, हे या पत्राच्या लांबीवरून तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही कधी कुणाचं वजन चुकीचं धरलं नाहीत. तुमच्या नोकरीत तुम्ही सील केलेला प्रत्येक तराजू खरोखरच खोटा निघाला, हे तुम्ही निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं आणि मी पहिल्या रांगेत होते. आता निवृत्तीनंतर एकदाच चुकीच्या माणसाला पकडलंत, आणि ते माझ्या मापामुळे. तुम्ही मला दवाखान्यात शिव्या दिल्या असत्यात तर त्या मी इतर गोष्टींसारख्या खरचटल्याप्रमाणे सोसल्या असत्या. "तू असतीस तर" हे मला सोसत नाही. मी होते.

तेव्हा विनंती अशी. सोमवारी समिती बसायच्या आत तुम्ही तक्रार मागे घ्यावी. दूरध्वनीवर ते ऐकत नाहीत, लेखी लागतं. मामीच्या हाती दोन ओळी पाठवल्यात तरी चालेल. नंतर माझ्याशी बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी रविवारी येईन. दार उघडलं नाहीत तर समजेन. उघडलंत तर बसायला सांगू नका, मी उभी राहीन.

मामीला नमस्कार. तुमची पँट धुऊन सोबत पाठवते आहे. मेणाचे डाग गरम इस्त्रीने निघाले, शिवण मागच्या बाजूला उसवली होती ती आईने घातली.

तुमचं
मापटं

ता.क. वरचं पुन्हा वाचलं. "तक्रार मागे घ्यावी" असं मी लिहिलं आहे. त्यात एक मेणाचा गोळा आहे. तुमच्या तक्रारीत दोन मागण्या आहेत: सफाई कामगारावर कारवाई, आणि कट्ट्यावर कुणी घसरू नये म्हणून ठरावीक अंतराने लोखंडी खुंट्या. खुंट्या बसल्या की त्या कट्ट्यावर फळी कधीच चालणार नाही, आणि माझी चित्रफीत अपुरी राहील. तक्रारच मागे घेतली गेली तर खुंट्याही जातात. लिहिताना हे मला दिसत होतं. काकूंची काळजी आधी वाटली की कट्ट्याची, हे मोजायला माझ्याकडे काटा नाही. म्हणून विनंती दुरुस्त करते: तक्रार राहू द्या. खुंट्या बसू द्या. फक्त काकूंचं नाव काढून तिथे माझं घाला. सुधारित तांत्रिक अभिप्राय सोबत जोडला आहे. "पॉलिश करण्याची सवय असलेली व्यक्ती" ऐवजी "तक्रारदाराची सख्खी भाची" असं वाचावं. आकडे तेच आहेत.

ता.क. २. तुम्ही म्हणाल, समितीने भाचीवर तरी विश्वास का ठेवावा. पुरावा आहे. रखवालदाराने हाकललं तेव्हा झाकण कॅमेरा बंद करायला विसरला होता. त्यात काकू कोरड्या फडक्यानिशी फाटकातून येताना दिसतात, तुम्ही पडल्यानंतर. अडचण अशी की त्याआधी तुम्ही दिसता, बसल्यापासून कट्टा संपेपर्यंत. माझ्या कागदावर भागलं तर ती फीत कुणाला दाखवावी लागणार नाही. ही धमकी नाही. लिहिल्यावर ती धमकीसारखी दिसते आहे, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहू ते मला कळलं नाही. डाव्या कोपऱ्यात गाडीमागे माझं हेल्मेटही दिसतं. दाखवावी लागली तर आपण दोघंही असू.

ता.क. ३. झाकणने तुम्हाला एक विचारायला सांगितलं आहे. आमच्या चित्रफितींच्या शेवटी चांगल्या चांगल्या पडण्यांचा एक भाग असतो. तुमचं त्यात घेता येईल का, असं तो विचारतो. मी नाही म्हटलं आहे. निरोप पोचवायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिलं. (आईने फीत पाहिली. तिला अजूनही काही माहीत नाही, पण तिने ती चारदा पाहिली आणि "दादा लहानपणापासून असाच बसतो" एवढं म्हणाली.) तो हे चेष्टेने विचारत नाही. चष्मा गेला, चप्पल गेली, पण तुम्ही पुस्तक सोडलं नाहीत, पान सुद्धा बोटाने धरलेलं होतं. ते बघून तो म्हणाला, "हा माणूस आपल्यातला आहे." आमच्यात एक नियम आहे, तो नव्या पोरांनाही पहिल्या दिवशी सांगतात. कुणी पडलं तर आधी माणसाला उचलायचं, मग फळीला. फीत मी नीट पाहिली. तुम्ही पडलात तेव्हा कोपऱ्यातलं हेल्मेट वाकतं. मी फळी उचलत होते.